मास्तरांचा उजवा हात

मास्तर माणसाचा चेहरा नंतर पाहायचे, आधी खांदे. समोर कोणी आलं की त्यांची नजर गळ्यापाशी थांबायची, तिथून डाव्या खांद्यावर, मग उजव्या खांद्यावर, आणि तिथलं काम आटोपलं की मग वर डोळ्यांकडे. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी आपली फाईल हातात धरून "या काका, इकडे बसा" म्हणत होते, आणि हा उंच, वाळका, दाढी गुळगुळीत केलेला माणूस माझ्या गळ्याखाली टक लावून बघत होता. मला राग यायला लागला, तेवढ्यात ते म्हणाले, "सिस्टर, डावा खांदा उतरलाय तुमचा. पर्स त्याच बाजूला अडकवता ना? बाजू बदलत जा. आत्ता न्हाई कळायचं. चाळिशीत ब्लाऊज नीट बसायचा न्हाई."

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, दवाखाना हाय हा. दुकान न्हाई."

मी सिस्टर नव्हते. नगरच्या एका रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देणाऱ्या मशीनवर मी तंत्रज्ञ म्हणून लागले होते, आणि लागून जेमतेम सात महिने झाले होते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी नेमकं काय काम करते हे कोणाला सांगता येत नव्हतं. आई म्हणायची, "पोरगी शेक देते." आमच्याकडे येणारे रुग्णही रेडिएशनला शेकच म्हणतात, आणि पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला सिस्टर. मी एकदा मास्तरांना समजावून सांगितलं की मी सिस्टर नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरं सिस्टर."

मास्तर भिंगारचे. छावणीतल्या फौजी लोकांच्या वर्द्या शिवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव फाईलवर होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. चर्चच्या नोंदवहीत, रेशनकार्डावर आणि आमच्या फाईलवर एवढंच ते नाव राहिलं होतं. बाकी सगळ्या भिंगारला ते मास्तर. त्यांच्या बायकोलाही.

आजाराची गोष्ट ते दुसऱ्या कोणाची तरी सांगावी तशी सांगायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांची एक किडनी कॅन्सरमुळे काढली होती. "काढली, टाकली, विषय मिटला असं धरून चाललो हुतो." मग एका सकाळी ब्लेझरच्या जाड कापडाचे चार पदर एकावर एक घालून ते कात्री चालवत होते. कट्ट असा आवाज झाला. "मी आधी कापडाकडंच बघितलं. म्हटलं, कुठं फाटलं? कापड चांगलं हुतं. मग हाताकडं बघितलं, तर हात माझा न्हवताच."

उजव्या दंडाचं हाड मोडलं होतं. ते नुसतं कात्रीने मोडलं नव्हतं. किडनीतला आजार कधीतरी तिथे जाऊन बसला होता आणि त्याने हाड आतून पोखरलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून खांद्यापासून कोपरापर्यंत आत सळई घातली, स्क्रू आवळले. टाके सुकल्यावर तीन आठवड्यांनी मास्तरांना आमच्याकडे पाठवलं. दहा दिवसांचा शेक. शनिवार-रविवार सुट्टी.

"सळई घातली, हाड सांधलं," ते आमच्या डॉक्टरांना म्हणाले. "मग परत हे कशाला?"

आमचे डॉक्टर शांतपणे बोलणारे. ते म्हणाले, "मास्तर, ऑपरेशनने हाडाला आधार मिळाला. पण आजाराच्या पेशी त्या हाडात अजून आहेत. त्या गप्प केल्या नाहीत तर त्या हाड खात राहतील आणि सळई एक दिवस सैल पडेल. शेक त्यांच्यासाठी."

मास्तरांनी डाव्या हाताने उजवा दंड चाचपला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "रूथ, कसर लागलेल्या कोटाला वरनं ठिगळ लावलं. कसर आत तशीच हाय, असं म्हनत्यात हे."

डॉक्टर हसले. मला वाटतं, पुढे त्यांनी ते वाक्य बऱ्याच रुग्णांना सांगितलं असेल.

शेक सुरू करण्याआधी एक दिवस नुसत्या मापाचा असतो. रुग्णाला टेबलावर झोपवून स्कॅन काढतात, शेक कुठे द्यायचा ते ठरवतात आणि कातडीवर शाईने खुणा करतात, म्हणजे रोज माणूस अगदी त्याच जागी झोपवता येतो. त्या खुणा करायचं काम माझं. मास्तरांच्या दंडावर मी रेघ ओढली आणि त्यांनी मान वळवून ती बघितली.

"रेघ थरथरली."

"जरा हलला असाल तुम्ही."

"मी न्हाई हललो. तुमचं मनगट अधांतरी हुतं. करंगळी टेकवा माझ्या हातावर, मग वढा. अशी. हां."

मी पुसून पुन्हा रेघ ओढली. या वेळी ती सुतासारखी सरळ आली. आजही मी करंगळी टेकवूनच रेघ ओढते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलींना तेच शिकवते, आणि त्यांना वाटतं की हे कुठल्या तरी पुस्तकात दिलेलं असणार.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. दंडाच्या आतल्या बाजूने एक पट्टी आम्ही शेकाच्या बाहेर ठेवली होती. ती कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की पूर्ण दंडाला गोल शेक दिला तर पुढे हातातलं पाणी वर चढायला वाट उरत नाही आणि हात सुजतो, म्हणून एक पट्टी राखतात. शिंपी लोक कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड राखतात, पुढे अंगाला घट्ट झाला तर उसवून सैल करता यावा म्हणून. त्या राखलेल्या कापडाला माया म्हणतात. मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे माया ठेवली तुमी! मग ठीक हाय. माया ठेवनारा मानूस घाईत न्हाई कापत."

रोज सकाळी त्यांची पाळी दहा वाजता असायची आणि साडेनऊला ते बाकावर हजर. कडक इस्त्रीचा शर्ट. त्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवून तिला जागोजाग नाड्या लावलेल्या होत्या, म्हणजे दुखरा हात न उचलता शर्ट अंगात घालता येई. बाकीचे रुग्ण ती बाही निरखायचे. हाताचं ऑपरेशन झालेल्या कोल्हारच्या एका बागाईतदाराने तर तिथेच विचारलं, "आमचा एक असा करून मिळंल का?" मास्तर म्हणाले, "शिवनारा हात गळ्यातल्या झोळीत हाय सध्या. बघू."

तसे ते बोलके, पण मशीनच्या खोलीत शिरले की शब्द बंद व्हायचे. तिथे रुग्णाला एकट्यालाच ठेवावं लागतं. आम्ही बाहेरून पडद्यावर बघत असतो, माइकवर बोलू शकतो. शेक चालू असताना काही दुखत नाही, काही दिसत नाही, नुसता मशीनचा घुंईं आवाज. पाच मिनिटांचं काम. पडद्यावर मला दिसायचं, ते डाव्या हाताची मूठ गच्च आवळून पडलेले असायचे. बाहेर आले की विचारायची, "दुखलं का मास्तर?" "न्हाई." "मग?" "काही न्हाई." मला घाई असायची. पुढचा रुग्ण कपडे बदलून उभा असायचा.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, साडेनऊला बाक रिकामं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. फोन केला तर रूथकाकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "ताई, ते न्हाई म्हनत्यात. पुढं येनारच न्हाई म्हनत्यात." मागून मास्तरांचा आवाज आला, "ठेव फोन." आणि फोन बंद झाला.

डॉक्टर म्हणाले, सोमवारी पुन्हा फोन करू. मला मात्र शनिवारी खोलीवर बसवेना. एक शेक चुकला तर भरून काढता येतो. माणूस घरीच बसला, तर ती सळई किती दिवस धरणार, हे मी सात महिन्यांत एक-दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. दुपारी मी रिक्षा केली आणि भिंगारला गेले.

जुन्या बाजारात एका पानवाल्याला "मास्तर टेलर" म्हटल्यावर त्याने मान वर न करताच बोट दाखवलं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत दोन पायमशीन, दोन्हींवर चादरी टाकलेल्या. मास्तर दाराशीच, जवळजवळ पायरीवर, स्टुलावर बसले होते. मला बघून उठायला लागले आणि वेदनेने परत बसले.

"कशाला आलात सिस्टर? मी सांगितलंय घरी, मी आता येनार न्हाई."

"का ते विचारायला आले."

"गुरुवारी तुमच्याकडनं आलो आन् सांजच्यापासनं हात ठनकायला लागला. ऑपरेशननंतरसुद्धा असा ठनकला न्हवता. आता तुमीच सांगा, बरा करायला येतोय का बिघडवायला?"

मी म्हटलं, "मास्तर, काही जणांना सुरुवातीला असं होतं. शेकाने आत सूज येते, ती दोन-तीन दिवसांत उतरते. त्यावर गोळी आहे. तुम्ही फोन केला असता तर लगेच दिली असती."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, पण सरळ म्हणाले, "असं हुतंय हे तुमी मला सांगितलंच न्हवतं."

सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना देतो तो छापील कागद दिला होता, आणि त्यात ते कुठेतरी खाली बारीक अक्षरात होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आजोबा, मी येऊ?" तेव्हा माझं लक्ष गेलं. कापड कापायचं मोठं टेबल आणि भिंत यांच्या मधल्या वाटेवर एक बाक आडवं टाकलेलं होतं. त्याच्या पलीकडे चारेक वर्षांची एक मुलगी रिकाम्या रिळांची रांग लावून बसली होती. मास्तर घाईने म्हणाले, "न्हाई सारा, तिथंच खेळ बाळा. इकडं यायचं न्हाई."

रूथकाकू चहा घेऊन आल्या. मला कपबशी दिली. मास्तरांसाठी मात्र शटरजवळच्या फळीवरून एक वेगळा स्टीलचा पेला काढला आणि त्यात वरून, पेल्याला भांडं न लावता, चहा ओतला. फळीवर एक ताटलीही वेगळी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

काकूंचे डोळे भरून आले. "त्यांनीच काढून ठेवलंय. शेक चालू झाल्यापासनं जेवन वेगळं, अंथरून वेगळं. नातीला जवळ घेत न्हाईत, हात चावतो म्हनून सांगितलंय तिला. ती सारखी रडती. पोरगा-सून कामाला जात्यात, दिवसभर ती ह्यांच्याच अंगाखांद्यावर असायची."

"तुमी सगळे त्या खोलीतनं पळून बाहेर जाता," मास्तर खाली बघत म्हणाले. "एवढा जाड दरवाजा लावता. मी एकटा आत. म्हंजे ते माझ्या अंगात भरत असनार. लेकराला लागलं तर?"

चार दिवस तो माणूस डावी मूठ आवळून काय विचार करत पडलेला असायचा, ते मला तेव्हा कळलं. आणि मी चार दिवस त्याला "दुखलं का" एवढंच विचारत होते.

"मास्तर, मशीन बंद झालं की शेक संपला," मी म्हटलं. "दिवा मालवला की उजेड खोलीत राहतो का? तसंच. तुमच्या अंगात काही उरत नाही. आम्ही बाहेर जातो कारण आम्हाला दिवसभर तीस-चाळीस वेळा तिथे उभं राहावं लागेल, आणि आम्हाला शेकाची गरज नाही. मशीन बंद झाल्यावर मीच येऊन तुमचा हात धरते ना? रोज धरते."

"तुमाला काय, सरकारनं टोचलं असंल काहीतरी."

"काही टोचलेलं नाही हो."

"नक्की?"

"नक्की."

"लेकराची शपथ घालू नये. पन नक्की?"

"नक्की, मास्तर. तिला मांडीवर घ्या. एका ताटात जेवा. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

मास्तर साराकडे बघत राहिले. काकूंनी मात्र वाट बघितली नाही. त्यांनी ते बाक एका हाताने सर्रकन बाजूला ओढलं. सारा उठून आली, पण आजोबांपासून दोन हातांवर थांबली. झोळीतल्या उजव्या हाताकडे बघत तिने विचारलं, "तो चावणार नाही ना आता?"

"न्हाई चावत," मास्तर म्हणाले. त्यांनी डावा हात पुढे केला. ती त्या हाताखाली शिरून त्यांच्या बरगडीला चिकटून बसली, आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळी सांगितली, काकू चप्पल घालून ती आणायला निघाल्याही. मी उठले तेव्हा मास्तर म्हणाले, "सोमवारी साडेनवाला येतो, पोरी." त्यानंतर त्यांनी मला सिस्टर म्हटलं नाही.

सोमवारी ते आले. दुखणं निम्म्यावर आलं होतं. खोलीत जाताना म्हणाले, "आज तुझ्या त्या माइकवरनं सांग, कधी चालू केलं आन् कधी बंद केलं." मी सांगितलं. पडद्यावर बघितलं तर डावी मूठ उघडी होती. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला सांगते.

त्याच आठवड्यात गाऊनचं प्रकरण झालं. आमच्याकडे पाथर्डीकडच्या कांताबाई यायच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, छातीवर शेक चालू. नवरा-बायको दोघंही दर साल ऊसतोडीला जाणारे. टोळी निघायच्या आत शेक पुरा करायचा होता. कपडे बदलायच्या खोलीपासून मशीनच्या खोलीपर्यंत जायला बाकांवर बसलेल्या माणसांच्या समोरून जावं लागे, आणि आमचे गाऊन पाठीमागे उघडे, नाड्या तुटलेले. कांताबाई वरून पदर लपेटायच्या, तरी तो सुटायचा. एके दिवशी त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "म्या येनार न्हाई ताई आता. बाप्यांच्या म्होरून असं उघडं जायाचं म्हंजी जीव नकोसा व्हतो. ऊस तोडताना मेले तरी चालंल."

मी त्यांना धीर देत होते, चादर देते म्हणत होते. मास्तर बाकावर बसून ऐकत होते. त्या आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे गाऊन कोनी शिवले?"

"माहीत नाही. स्टोअरमधून येतात."

"शिवनाऱ्यानं कधी घातला नसंल." मग म्हणाले, "एक दे मला घरी न्यायला. आन् सांग, छातीच्या पेशंटचा कुठला भाग उघडा लागतो तुमाला? हात कसा ठेवता? वर? बरं. आन् पाठीच्या पेशंटचा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने मोबाईलच्या बिलामागे वेडीवाकडी चित्रं काढली.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. मास्तर घरी गेले, टेबलावर कापड पसरलं, खडूने डाव्या हाताने कशाबशा खुणा केल्या आणि कात्री घेतली. पण उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालत नाही. पात्यांमध्ये कापड दुमडतं, कापलं जात नाही. तीनदा प्रयत्न केला. शेवटी कात्री टेबलावर ठेवली. आणि मग म्हणाले, "रूथ, तू काप."

"चाळीस वर्षं ताई," काकू मला बाकावर बसून सांगत होत्या. "चाळीस वर्षं मी काज केले, बटनं लावली, टिपा मारल्या. पन कात्रीला हात लावू दिला न्हवता. तुझं मन चंचल हाय म्हनायचे."

"मग?"

"मग काय, कापलं."

मास्तर शेजारीच होते. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "सरळ कापलं. माझ्यापेक्षा सरळ." आणि थोड्या वेळाने, "आधीच द्यायला हवी हुती."

तो गाऊन पुढून एकावर एक येणारा होता, दोन्ही खांद्यांवर उघडायची सोय, नाड्या कडेला. जेवढी जागा लागेल तेवढीच उघडायची, बाकी अंग झाकलेलं. कांताबाईंनी तो घातला, बाकांसमोरून चालत गेल्या, परत आल्या आणि कपडे बदलायच्या खोलीत न जाता तशाच तिथे बसून मास्तरांशी त्यांच्या गावाच्या, पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिल्या. स्टोअरच्या माणसाने आधी कुरकुर केली की नमुन्याबाहेरचं चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, "नमुना बदला." कापड रुग्णालयाने दिलं. शिलाई भिंगारला झाली. कांताबाईंचा शेक टोळी निघायच्या चार दिवस आधी पुरा झाला, पण त्या वर्षी डॉक्टरांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून त्यांना घरीच ठेवलं.

मास्तरांचा शेवटचा शेक झाला तेव्हा दंडाची कातडी काळवंडली होती, थकवा होता, पण ठणका गेला होता. हात मात्र छातीच्या वर उचलत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितली. काकूंनी दुकानाच्या भिंतीवर खडूने रेघा आखल्या, आणि सारा रोज आजोबांची बोटं कुठवर गेली ते बघून ओरडायची. तीन महिन्यांनी फोटो काढला तेव्हा सळईभोवती नवं हाड धरलेलं दिसत होतं. डॉक्टरांनी तो फोटो उजेडापुढे धरून दाखवला. मास्तरांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. "टीप बारीक हाय," ते म्हणाले. "पन बसलीय."

त्यांनी परत काम सुरू केलं. जाड कोट बंद, पातळ कापड चालू; कापायचं काम दोघांत वाटून. मी विचारलं, "हात पूर्ण वर जातो का आता?" म्हणाले, "खांद्याच्या वर न्हाई जात. पन कापड टेबलावरच असतंय की."

अडीच वर्षं बरी गेली. आजारावरच्या गोळ्या चालू होत्या. त्यांमुळे भूक जायची, तळपाय सोलायचे, पण माणूस हिंडता-फिरता होता. मग पाठीच्या मणक्यात एक जागा निघाली आणि मास्तर पुन्हा आमच्या बाकावर आले. या वेळी न बोलावता, साडेनऊला. शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता. मांडीच्या हाडात सळई घातलेली, पहिला शेक, चेहरा पांढराफटक. त्याला सगळं समजावून सांगायला मी पुढे निघाले, तर मास्तरांचं आधीच चालू होतं.

"आत काई दुखत न्हाई. ही पोरगी बाहेरनं बोलती, आपन ऐकायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखंल कदाचित. तवा फोन करायचा, पळून जायाचं न्हाई. मी पळाल्तो, म्हनून सांगतो. आन् घरी नातवंडं हायेत का? हायेत ना? मग इथनं गेला की आधी त्यांना जवळ घ्या."

तो माणूस काठी टेकत आत गेला. मी माझा कागद परत फाईलमध्ये ठेवला. सांगायला काही उरलं नव्हतं.

मणक्याच्या शेकानेही दुखणं थांबलं. त्यानंतर मास्तरांनी साराला शाळेत घालताना पाहिलं, दोन नाताळ पाहिले. मधल्या काळात माझं लग्न झालं, मी दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात गेले. जाताना भेटायला गेले तर ते म्हणाले, "नव्या ठिकानी पहिल्या दिवशीच सगळ्यांना रेघ मारून दाखव. मग तुझं ऐकत्याल." अधूनमधून फोन असायचा. आवाज बारीक होत गेला, पण बोलायचे ते कामाचंच. कोणाचा गाऊन, कुठल्या लग्नाचा सूट, सारा अभ्यास करत नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकूंचा फोन आला. मास्तर सकाळी गेले. आजार फुप्फुसात उतरला होता, हे मला ठाऊक होतं. काकूंचा आवाज थकलेला होता, पण रडका नव्हता. तिथे माणसं जमली होती, प्रार्थनेचे सूर ऐकू येत होते.

त्या म्हणाल्या, "ताई, एवढ्यासाठीच फोन केला. बाकी त्रास झाला शेवटी, दम लागायचा. पन उजवा हात एकदाबी दुखला न्हाई. शेवटपर्यंत दुखला न्हाई. काल संध्याकाळी त्यांनी त्याच हातानं माझे केस मागं केले. तुमाला तेवढं सांगायचं हुतं."

फोन ठेवला. बाहेर बाकावर एक बाई आणि तिचा नवरा बसले होते, नवे, पहिलाच दिवस. बाईच्या दंडात सळई. मी तोंड धुतलं, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि बोलायला सुरुवात केली.